चौसष्ट घरे : भाग ९ – पोस्टाने आलेली चाल

गेल्या दोन आठवड्यांत आपण 'दोन घोड्यांचा बचाव' मांडला. राजाचे प्यादे ई४, समोरून ई५. घोडा एफ३, घोडा सी६. उंट सी४, घोडा एफ६. त्यावर बऱ्याच वाचकांचे म्हणणे एकच पडले : पहिल्या चार चाली पाठ झाल्या, पण पाचव्या चालीला पुस्तक मिटवल्यावर करायचे काय? प्रश्न रास्त आहे. म्हणून आज नुसती सुरुवात नाही, एक अख्खा डाव घेऊ. तोही समोरासमोर बसून खेळलेला नव्हे, टपालाने खेळलेला. पांढरी मोहरी मॉस्कोच्या याकोव्ह एस्ट्रिनकडे, काळी अमेरिकेच्या हान्स बर्लिनरकडे. स्पर्धा पाचव्या जागतिक टपाली अजिंक्यपदाची, १९६५ ते १९६८. पट मांडून बसा. मोबाइलवर वाचत असाल तर तो पटाशेजारी ठेवा, पटाच्या जागी नको.

टपाली डावच का, हे आधी सांगतो.

समोरासमोरच्या डावात घड्याळ असते, घाम असतो, समोरच्याचा चेहरा असतो. हुकलेल्या चालीमागे पुष्कळदा काहीच विचार नसतो, नुसती घाई असते. अशा डावाचा अभ्यास करताना आपण ज्या चालीचे कारण शोधत बसतो, तिला कारणच नसते. टपाली डावात ही सोय नाही. प्रत्येक चालीला दिवसच्या दिवस मिळालेले, पुस्तके उघडी ठेवायला मुभा, मोहरी हलवून बघायलाही मुभा. तिथे चूक झाली तर ती विचाराची चूक असते. आणि शिकण्यासारखी चूक तीच.

आपल्याकडे या प्रकाराची पाळेमुळे बरीच खोल आहेत. मुंबईत १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे पुस्तक छापले गेले. मूळ संस्कृत, त्याचे इंग्रजी भाषांतर, आणि मांडणी युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतलेली. पुण्यात तेव्हा दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई चालू होती. 'युरोपीय पद्धतीला जुळवून' हे मुद्दाम सांगावे लागले, कारण आपल्या जुन्या खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके आणि किल्लेकोटाचा नियम वेगळा होता. म्हणजे आज आपण ज्याला अभिजात सुरुवात म्हणतो, ती ई४–ई५ची जोडी शास्त्रीबुवांच्या पिढीला परकी होती. एका झटक्यात दोन घरे पुढे जाणारे प्यादे त्यांना आगाऊच वाटले असेल.

पुढे चौदा-पंधरा वर्षांत मद्रास आणि हैदराबाद या दोन शहरांमध्ये टपालाने दोन डाव खेळले गेले. साल १८२८-२९. मद्रासच्या डावाची सूत्रे गुलाम कासिम यांच्याकडे होती. त्यांनी मद्रासच्या मुलकी सेवेतल्या जेम्स कॉक्रेन यांच्याबरोबर लगेच १८२९ मध्ये पुस्तक काढले : त्यात हे दोन्ही डाव टिपणांसकट आणि जोडीला राजाच्या गॅम्बिटमधल्या 'म्युझिओ' शाखेचे विश्लेषण. त्या गॅम्बिटमधल्या एका शाखेला आजही जगभर गुलाम कासिम यांचे नाव आहे. डाव खेळायचा, मग तो उलगडून छापायचा, ही शिस्त टपाली बुद्धिबळाला अशी पहिल्यापासून आहे. युरोपातही तेच. लंडन आणि एडिंबरा यांच्यात १८२४ ते १८२८ सामना चालला, त्यातून 'स्कॉच' सुरुवातीला नाव मिळाले. पॅरिसने १८३४ ते १८३६ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर क्लबला हरवले, त्यातून 'फ्रेंच बचाव' हे नाव आले. सुरुवातींच्या नावांमागे बरेचदा राजे-सरदार नसतात, पोस्टाच्या थैल्या असतात.

आणि थैल्यांचा विषय निघाला की पनवेलकराने गप्प का बसावे? त्या काळी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने पनवेल बंदरात उतरे आणि तिथून बोरघाट चढे. घाटातला गाडीरस्ता १८३० च्या नोव्हेंबरात गव्हर्नर माल्कम यांनी खुला केला. त्याआधी तर ती चढण पायी, तट्टावर नाहीतर पालखीतून. मुंबई आणि पुणे यांच्यात त्या दशकात कोणी डाव मांडला असता, तर त्याच्या चाली आपल्याच खाडीवरून गेल्या असत्या.

आता या खेळाची रीत. पोस्टकार्ड आपल्याकडे जुलै १८७९ मध्ये आले, पाव आण्याला. कार्डावर चाल लिहायची, पण कुठल्या भाषेत? मॉस्कोचा एक, पिट्सबर्गचा दुसरा, पनवेलचा तिसरा. लिपीसुद्धा एक नाही. आंतरराष्ट्रीय पत्रबुद्धिबळ महासंघाने (स्थापना १९५१) वापरलेला तोडगा मला फार आवडतो : आकडे. उभ्या पट्ट्यांना डावीकडून १ ते ८, आडव्यांना खालून १ ते ८. मग प्रत्येक घर दोन आकड्यांचे, प्रत्येक चाल चार आकड्यांची. ई२ वरून ई४ म्हणजे ५२५४. घोडा जी१ वरून एफ३ म्हणजे ७१६३. पांढऱ्याचा राजाकडचा किल्लेकोट ५१७१. मोहऱ्याचे नाव नाही, शहाची खूण नाही, काही नाही. समोरच्याने आपल्या पटावर पाहावे. लहान मुलांना ही पद्धत शिकवून पाहा. तासाभरात ती आपल्याला लाजवतात.

आकड्यांनी भाषेचा घोळ मिटवायचा, ही कल्पना आपल्या टपाल खात्यालाही सुचली होती. १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झालेला पिनकोड ही टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची योजना. वेलणकर संस्कृतचे कवी. कुठल्याही लिपीत लिहिलेला पत्ता सहा आकड्यांनी ओळखता यावा, हा त्यांचा हिशेब. आपला ४१०२०६ त्यातलाच. असो, विषयांतर झाले.

वेळेचा नियम असा : दहा चालींना तीस दिवस. कार्ड वाटेत असते ते दिवस कुणाच्याच खात्यात धरायचे नाहीत. कार्ड हाती आल्यापासून उत्तर पेटीत पडेपर्यंतचे दिवस तेवढे मोजायचे. त्यामुळे पोस्टाचा शिक्का हाच पंच. वाटेतला वेळ वाचवायला 'जर–तर' चालीही लिहीत : तुम्ही अमुक खेळलात तर माझे तमुक धरा. ही सवलत दिसते तितकी साधी नाही, कारण तिच्यातून आपण काय अपेक्षा करतो आहोत हे समोरच्याला आयते कळते. आणि खेळाडू एकाच डावात अडकलेला नसे. त्या स्पर्धेत सतरा जण होते, म्हणजे प्रत्येकाच्या टेबलावर एका वेळी सोळा डाव. तीन वर्षे.

चला पटावर. पहिल्या तीन चाली वर दिल्या आहेत. चौथ्या चालीला पांढऱ्याचा घोडा जी५ वर उडी मारतो. उंट आणि घोडा दोघांचा डोळा एफ७ वर, काळ्या राजाच्या बाजूच्या सगळ्यांत कच्च्या घरावर. जर्मन आचार्य टाराश यांनी ही चाल कच्च्या खेळाडूची म्हणून हिणवली होती, कारण बाकीची फौज घरात झोपलेली असताना एकच घोडा दोनदा नाचवायचा. पण हिणवून तिचे उत्तर सापडत नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटलीच्या पोलेरिओने तिची नोंद केली, तेव्हापासून ती टिकून आहे, आणि पनवेलच्या शाळेतल्या स्पर्धांत आजही निम्मे डाव तिच्यावरच संपतात असे वाटते.

काळा डी५ खेळतो, पांढरा प्याद्याने मारतो. इथे घोड्याने सरळ परत मारले तर पांढऱ्याला एफ७ वर घोडा देऊन राजाला उघड्यावर खेचता येते. म्हणून बहुतेक जण घोडा ए५ वर नेऊन उंटाला हाकलतात. बर्लिनरने तसे केले नाही. त्याने बी५ खेळले. उंटाला म्हणाला, घे.

एस्ट्रिनने घेतले नाही. सहावी चाल : उंट एफ१, परत आपल्या मूळ घरी. ही चाल मुलांना दाखवली की हशा पिकतो. बाहेर काढलेले मोहरे पुन्हा घरात? पण कारण पाहा. उंटाने बी५ मारले असते, तर काळा वजीर डी५ वर येऊन एकाच वेळी बी५ वरच्या उंटावर आणि जी२ च्या प्याद्यावर नेम धरतो. एफ१ वरचा उंट जी२ सांभाळतो आणि बी५ वरही नजर ठेवतो. सुरुवातीचे नियम पाठ करणाऱ्याला ही चाल कधी सुचणार नाही. पट पाहणाऱ्याला सुचेल.

पुढे घोडा डी४, पांढऱ्याचे सी३ त्या घोड्यावर. काळा तो घोडा हलवत नाही, दुसऱ्या घोड्याने डी५ मारतो. आता काळ्या वजिराची वाट मोकळी झाली आणि जी५ चा पांढरा घोडा धोक्यात आला. पांढऱ्याने डी४ मारले तर काळा जी५ मारतो, हिशेब चुकता. म्हणून आठवी चाल घोडा ई४. वजीर एच४ वर, त्याच घोड्यावर. नववी घोडा जी३. काळा उंट जी४, पांढऱ्या वजिरावर. दहावी एफ३ : वजिराला आडोसा आणि उंटावर वार, दोन्ही एकात.

इथे थांबा. पुस्तक झाका. काळ्याचा डी४ वरचा घोडा मार्‍यात आहे, जी४ वरचा उंट मार्‍यात आहे. चाल काळ्याची. दोनांतला कोणता वाचवाल?

बर्लिनरने ई४ खेळले. दोन्ही तसेच सोडून एक प्यादे पुढे सरकवले. ही चाल त्याने या डावासाठी घरी तयार करून ठेवली होती, आणि ज्याच्यावर चालवली तो एस्ट्रिन याच बचावावर ग्रंथ लिहिणारा माणूस, पुढे स्वतः सातवा जागतिक टपाली विजेता. वाघाच्या गुहेत शिरून वाघालाच वाट विचारावी, तसे.

प्याद्याने काय साधले? ई५ घर रिकामे झाले, त्यामुळे एफ८ चा उंट डी६ वर आला की थेट जी३ पर्यंत दिसते. आणि जी३ च्या घोड्याकडे पाहा : एफ३ खेळल्यामुळे एफ२ मोकळे झाले, म्हणून तो घोडा आता हलू शकत नाही, हलला तर एच४ चा वजीर राजाला शह देतो. पांढऱ्याने दहाव्या चालीत लावलेल्या आडोशानेच ही फट पाडली. अकरावी : पांढरा सी-प्याद्याने डी४ चा घोडा मारतो, काळा उंट डी६. धमकी उंटाने जी३ मारून शह, प्याद्याने परत मारले की एच१ चा हत्ती फुकट.

बारावी, पांढरा उंट बी५ मारून शह देतो. बर्लिनर राजा डी८ वर सरकवतो. एक घोडा आणि एक प्यादे कमी, किल्लेकोटाचा हक्क गेलेला, राजा मधोमध उघडा. आपल्यातले नव्वद टक्के इथे डाव सोडण्याच्या विचारात असतील. पण मोहरी मोजण्याऐवजी पांढऱ्याची वजिराकडची बाजू मोजा : ए१ चा हत्ती, बी१ चा घोडा, सी१ चा उंट. तिघे जागेवर. अठराव्या चालीपर्यंत ते जागेवरच राहतात. माझ्या मते या डावाचा जीव इथे आहे. बर्लिनरने घोडा दिला, पण त्याच्या बदल्यात पांढऱ्याची तीन मोहरी लढाईतून बाद ठेवली.

तेरावी, पांढऱ्याचा किल्लेकोट; काळा प्याद्याने एफ३ मारतो, हत्ती परत मारतो. आता एफ३ चा हत्ती काळ्या उंटाच्या तोंडात आहे. हात शिवशिवतो ना? बर्लिनर मारत नाही. चौदावी चाल हत्ती बी८, निवांत, बी५ च्या उंटावर. हत्ती कुठे जात नाही, मग घाई कशाला? पंधरावी उंट ई२. मग उंटाने एफ३ चा हत्ती, उंटाने परत. वजीर डी४ मारून शह, राजा एच१. उंटाने जी३ चा घोडा, एच-प्याद्याने परत. आणि अठरावी काळी चाल हत्ती बी६. बी८ वर 'उगाच' आलेला हत्ती आता सहाव्या पट्टीवरून एच६ कडे निघाला आहे, जिथे पांढऱ्या राजाची एच पट्टी नुकतीच उघडली. घाई न केलेल्या चालीचे व्याज हे असे मिळते.

पुढचे भराभर सांगतो, तुम्ही सावकाश खेळा. डी३, घोडा ई३. उंटाने मारला, वजिराने परत. उंट जी४, एच५. उंट एच३, जी५. घोडा डी२, जी४. चोविसावी, पांढरा घोडा सी४ वर येऊन वजीर आणि बी६ चा हत्ती दोघांवर एकदम वार करतो. शेवटी एकदाचा जागा झालेला हा घोडा. वजीर जी३ चे प्यादे मारून निसटतो, घोडा बी६ चा हत्ती घेतो, काळे प्यादे एच३ चा उंट घेते. सव्विसावी वजीर एफ३. प्याद्याने जी२ मारून शह, वजिराने परत, वजिरांची अदलाबदल, राजाने परत, आणि सी-प्याद्याने बी६ चा घोडा.

एवढ्या धुमश्चक्रीनंतर पटावर उरले काय? दोघांकडे एकेक हत्ती. पांढऱ्याची तीन प्यादी, काळ्याची चार. इतक्या बळींचा, इतक्या कल्पनांचा नफा एक प्यादे. डावांच्या संग्रहात हा डाव 'चमकदार' म्हणून छापतात. मला तो काटकसरीचा वाटतो. बर्लिनरला मात हवी नव्हती, एक प्यादे हवे होते, आणि उरलेला डाव जिंकण्याची त्याची तयारी होती. बेचाळिसाव्या चालीनंतर एस्ट्रिनने डाव सोडला. बर्लिनरने ती स्पर्धा सोळा डावांत १४ गुणांनी जिंकली : बारा विजय, चार बरोबरी, पराभव एकही नाही. दुसऱ्या क्रमांकापेक्षा तीन गुण जास्त.

या माणसाच्या पुढच्या आयुष्याबद्दल दोन वाक्ये सांगितली पाहिजेत. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात तो संगणकशास्त्रात रमला. त्याच्या बॅकगॅमन खेळणाऱ्या प्रोग्रामने १९७९ मध्ये त्या खेळाच्या जगज्जेत्याला एका सामन्यात हरवले आणि त्याच्या चमूच्या 'हायटेक' यंत्राने १९८८ मध्ये ग्रँडमास्टर अर्नोल्ड डेंकर यांना. टपाली बुद्धिबळाला ग्रासणाऱ्या यंत्रांना ज्यांनी बाळसे दिले त्यांच्यात टपाली बुद्धिबळाचा हा राजाही होता. आज महासंघाचे डाव पोस्टाऐवजी संगणकावरून चालतात, यंत्राची मदत घ्यायला अधिकृत परवानगी आहे, आणि वरच्या पातळीवरचे बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. या डावावरही नंतर पुष्कळ विश्लेषण झाले आणि पांढऱ्यासाठी बऱ्या वाटा सापडल्या. सापडू देत. स्पर्धा म्हणून टपाली बुद्धिबळ संपत आले आहे असे माझे स्पष्ट मत आहे; शिकण्याचे साधन म्हणून त्याला आजही तोड नाही. यंत्र चाल सांगते, कारण सांगत नाही. कारण आपणच काढायचे असते, आणि त्याला दोन-तीन दिवस लागतात.

म्हणून या आठवड्याचा गृहपाठ टपाली पद्धतीने. वरच्या डावात पुढे असे झाले : हत्ती एफ१, राजा ई७, हत्ती ई१ शह, राजा डी६, हत्ती एफ१. आता पांढरा : राजा जी२, हत्ती एफ१, प्यादी ए२, बी२, डी३. काळा : राजा डी६, हत्ती एच८, प्यादी ए७, बी६, एफ७, एच५. एफ७ चे प्यादे मार्‍यात आहे. ते राखायला हत्ती एफ८ वर नेला, तर तो तिथेच अडकतो. चाल काळ्याची, एकतिसावी. यंत्र लावू नका. लावलेत तर उत्तर पाच सेकंदांत मिळेल आणि पाच मिनिटांत विसराल. पट तीन दिवस मांडून ठेवा, येता-जाता बघा, आणि उत्तर एका पोस्टकार्डावर चार आकड्यांत लिहून संपादकीय कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवा. कार्ड अजूनही ५० पैशांना मिळते. खाली दोन ओळींत कारणही लिहा, कारण गुण त्यालाच आहेत. बर्लिनरची चाल आणि हत्ती-प्याद्यांचा हा शेवट पुढच्या भागात पाहू.